उमेदवार वकील आणि त्याचा मार्गदर्शक : व्यवसायातील शिस्तीचा प्रश्न

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी योजिलेल्या कायदा-परिचय वर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. परंतु संसार म्हटला की कुळाचा हक्क, मुंडकाराचे घर, बांधाचा वाद, वारसाची नोंद असे प्रश्न उद्भवतातच आणि शहाण्यालाही ती पायरी चढावी लागते. पायरी चढणाऱ्या सामान्य माणसाला कायद्याची कलमे ठाऊक नसतात व न्यायालयाची रीतही परिचयाची नसते. त्याच्या हाती एकच आधार असतो. तो म्हणजे ज्याला त्याने वकीलपत्र लिहून दिले त्या माणसाचे ज्ञान आणि त्याची सचोटी. म्हणूनच वकील कोण होऊ शकतो, तो कोणाच्या हाताखाली शिकतो आणि शिकविणाऱ्याची योग्यता कोण पाहतो, हे प्रश्न केवळ वकीलवर्गाच्या घरातले नव्हेत. त्यांचा संबंध गावातील प्रत्येक पक्षकाराशी पोहोचतो.

उमेदवारीची परंपरा

वकिलीची विद्या अर्धी ग्रंथांतून व अर्धी उमेदवारीतून येते. दाव्याचा मसुदा कसा करावा, नमुना एक व चौदाच्या उताऱ्यावरील नोंद कशी वाचावी, साक्षीदाराला कोणता प्रश्न विचारावा आणि कोणता मुळीच विचारू नये, मुदतीचे दिवस कसे मोजावेत, या गोष्टी महाविद्यालयाच्या बाकावर बसून पुरत्या साधत नाहीत. अनुभवी वकिलाच्या कचेरीत बसून, त्याची कागदपत्रे हाताळून आणि त्याच्या मागोमाग न्यायालयात उभे राहूनच त्या अंगवळणी पडतात. मात्र सुतार चांगला असेल तरच त्याच्या हाताखालचा पोरगा रंधा नीट धरावयास शिकतो. शिकविणाराच कच्चा असेल तर शिष्याच्या हातून पुढे पन्नास घरांची लाकडे वाया जातात.

ही जाणीव जुनी आहे. इंग्लंडात १७२९ साली अ‍ॅटर्नी लोकांसाठी जो कायदा झाला त्यात पाच वर्षांची उमेदवारी सांगितली होती, आणि एका अ‍ॅटर्नीने एका वेळी दोनांहून अधिक उमेदवार ठेवू नयेत असेही बंधन घातले होते. एका माणसाची नजर किती जणांवर पुरू शकते, याचा तो सरळ हिशेब होता. पुढे १८४३ च्या कायद्याने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. जो व्यावसायिक आपले नाव अपात्र माणसाला वापरू देईल, त्याचे नाव पटावरून काढले जाईल. शिकणाऱ्याला शिकू द्यावे, पण शिकणाऱ्याने केलेल्या कामावर आपल्या नावाचा नुसता शिक्का मारू नये, हे तत्त्व तेथे कायद्यात उतरले. मुंबईत सॉलिसिटरच्या कचेरीत करारबद्ध उमेदवारी करून परीक्षा देण्याची जी पद्धत रूढ झाली, तिचे मूळ याच परंपरेत आहे.

भारतातील व्यवस्था कशी बदलत गेली

स्वातंत्र्यापूर्वी आपल्या देशात बॅरिस्टर, अ‍ॅडव्होकेट, वकील, प्लीडर, मुखत्यार असे कायदेपंडितांचे अनेक वर्ग होते आणि प्रत्येकाची सनद निराळी होती. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने हे भेद मोडून अधिवक्त्यांचा एकच वर्ग निर्माण केला. गोवा मुक्त झाला तो त्याच वर्षीच्या १९ डिसेंबरला. पोर्तुगीज अमदानीतील कायद्यानुसार जे येथे वकिली करीत होते त्यांचा हक्क राखण्यासाठी या अधिनियमात पुढे खास तरतूद करण्यात आली. आज महाराष्ट्र व गोवा यांची वकील परिषद एकच आहे. बेळगावकडील वकिलांची नोंद कर्नाटकाच्या परिषदेकडे असते.

मूळ अधिनियमात कलम २४ अन्वये कायद्याच्या पदवीनंतर प्रशिक्षण घेऊन परीक्षा देण्याची अट होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती अट गेली. पदवी हाती आली की सनद मिळू लागली आणि उमेदवारी ज्याच्या त्याच्या इच्छेवर राहिली. याचे परिणाम न्यायालयांत दिसू लागले, तेव्हा भारतीय वकील परिषदेने १९९५ मध्ये नियम करून सनदेपूर्वी एक वर्ष मार्गदर्शक वकिलाच्या हाताखाली शिकण्याची सक्ती केली. परंतु १९९९ मध्ये व्ही. सुदीर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे नियम रद्द ठरविले. उमेदवारी निरुपयोगी आहे असे न्यायालयाचे म्हणणे नव्हते. संसदेने जी अट काढून टाकली ती परिषदेला केवळ नियम करून परत आणता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आधार होता.

त्यानंतर परिषदेने २०१० मध्ये अखिल भारतीय वकील परीक्षा ठरविली आणि २०११ च्या मार्च महिन्यात ती प्रथम घेतली. ही परीक्षा घेण्याचा परिषदेला अधिकार आहे काय, हा वाद पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे गेला. १० फेब्रुवारी २०२३ रोजी घटनापीठाने तो अधिकार मान्य केला आणि सुदीर प्रकरणात परिषदेच्या अधिकारांवर घातलेली मर्यादा टिकू शकत नाही, असेही सांगितले. परीक्षा सनदेपूर्वी घ्यावी की नंतर, हे ठरविणे परिषदेवर सोपविले.

विद्यार्थिदशेतील प्रशिक्षणासाठी २००८ चे विधिशिक्षण नियम आहेत. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे प्रत्यक्ष काम शिकावे लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक काळ ते करता येत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एकदा तरी खटले चालविणाऱ्या वा अपिले लढविणाऱ्या वकिलाकडे शिकले पाहिजे. विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करू इच्छिणाऱ्या आणि किमान दहा वर्षांचा अनुभव असलेल्या वकिलांची जिल्हावार यादी राज्य परिषदेने तयार करावी, असेही हे नियम सांगतात. ही यादी महत्त्वाची आहे, कारण मार्गदर्शक कोण असावा याची काही मोजपट्टी त्यात दिली आहे.

शिकाऊ कोण आणि वकील कोण

गावकऱ्यांचा गोंधळ पुष्कळदा येथेच होतो. काळा कोट घातलेला प्रत्येक तरुण वकील असतोच असे नाही. प्रशिक्षणासाठी आलेला विधिविद्यार्थी हा विद्यार्थीच असतो. त्याला न्यायालयापुढे बाजू मांडता येत नाही आणि अशिलाचे वकीलपत्रही घेता येत नाही. वकिलाचा कारकून कागद दाखल करतो, नकला मिळवितो, तारखा टिपून घेतो. पण सल्ला देणे हे त्याचे काम नव्हे. याउलट कालच सनद मिळालेला कनिष्ठ वकील वयाने लहान दिसला तरी कायद्याच्या दृष्टीने वकीलच असतो. त्याला सनदेनंतर ठरलेल्या मुदतीत परीक्षा मात्र उत्तीर्ण व्हावे लागते. ज्येष्ठ वकिलाच्या वतीने तो उभा राहिला म्हणून बिचकण्याचे कारण नाही. नाव पटावर आहे की नाही, एवढेच पाहावयाचे.

अपात्र मार्गदर्शकाचे चार प्रकार

'अपात्र' हा शब्द येथे सैलपणे वापरून चालणार नाही, कारण प्रकार निराळे आहेत आणि त्यांवरील उपायही निराळे आहेत.

पहिला प्रकार सनदच नसलेल्या माणसाचा. कचेरी थाटून, पाटी लावून, चारदोन विद्यार्थी भोवती जमवून तो वकिली करतो. अधिनियमाच्या कलम ३३ प्रमाणे अन्यथा तरतूद नसेल तर वकिली करण्याचा हक्क केवळ अधिवक्त्यालाच आहे. हक्क नसताना न्यायालयात वकिली करणाऱ्याला कलम ४५ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वकील परिषदेची शिस्तीची कारवाई तिच्या पटावरील वकिलांपुरतीच चालते. जो पटावर नाहीच, त्याच्या पटावरील नावाचे निलंबन कसे करणार? अशा माणसासाठी फौजदारी मार्गच धरावा लागतो. पदव्यांच्या खरेखोटेपणाचा प्रश्न इतका वाढला की, २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांच्या पदव्या पडताळण्याच्या कामावर देखरेखीसाठी उच्चस्तरीय समिती नेमली.

दुसरा प्रकार सनद निलंबित झालेल्या वकिलाचा. कलम ३५ प्रमाणे निलंबनाच्या काळात त्याला भारतातील कोणत्याही न्यायालयात वा अधिकाऱ्यापुढे वकिली करण्यास मनाई असते. त्याची कचेरी कनिष्ठांच्या नावावर पूर्वीसारखीच चालू राहिली, तर त्या मनाईला अर्थ उरत नाही. तेथे काम करणाऱ्या कनिष्ठाने आपल्याच सनदेला धोका आहे हे ओळखावे.

तिसरा प्रकार पूर्ण वेळ पगारी नोकरी धरलेल्याचा. परिषदेच्या नियमांप्रमाणे वकिलाला सामान्यतः अशी नोकरी करता येत नाही. धरल्यास ती गोष्ट परिषदेला कळवून वकिली थांबवावी लागते. कायदा शिकविण्यापुरता मात्र अपवाद आहे. १९७९ च्या नियमांनुसार वकिलाला दिवसाकाठी तीन तासांपर्यंत कायद्याचे अध्यापन करता येते. शिक्षकवर्गाने हा फरक विशेष लक्षात घ्यावा.

चौथा प्रकार सर्वांत अवघड, कारण तो कागदोपत्री निर्दोष दिसतो. सनद आहे, अनुभव आहे, पाटी आहे. पण देखरेख नाही. कोऱ्या वकीलपत्रांवर सह्या करून गठ्ठा कचेरीत ठेवावयाचा, विद्यार्थ्याने मसुदा करावयाचा, कारकुनाने अशिलाला सल्ला द्यावयाचा आणि वकीलसाहेबांनी फक्त फी मोजून घ्यावयाची. विद्यार्थी एक दिवसही कचेरीत आला नसता त्याला महिनाभराच्या प्रशिक्षणाचा दाखला देणे, हेही याच जातीचे वर्तन होय. येथे पात्रता कागदावर राहते आणि प्रत्यक्षात अपात्र हात काम करतात.

नुकसान कोणाचे?

समजा, एका मुंडकाराविरुद्ध दिवाणी दावा लागला. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यावयाची असते. न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. मुंडकार वकिलाच्या कचेरीत जातो, सही करतो, पैसे देतो. तेथील शिकाऊ तरुण कागद घेतो आणि 'आम्ही पाहतो, तुम्ही निश्चिंत असा' म्हणून सांगतो. मुदत कशी मोजावी हे त्याला कोणी शिकविलेले नाही, आणि वकिलाने ती फाईल उघडलेलीच नाही. मुदत टळून जाते. न्यायालय बचावाविना पुढे चालते. घराचा उंबरा ज्याच्या आजाने घातला त्याला ही गोष्ट हुकूमनामा हाती पडल्यावर कळते. मग खालच्या न्यायालयात अर्ज करा, जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत अपील करा, विलंब माफ करण्यासाठी विनवण्या करा, अशी फरपट सुरू होते.

नुकसान त्या तरुणाचेही होते. त्याची उमेदवारीची वर्षे चुकीच्या सवयी अंगी बाणण्यात जातात. गरीब घरातून, खेड्यातून आलेल्या मुलाला चांगली कचेरी मिळणे कठीण असते, आणि जेथे दार उघडे सापडेल तेथे तो शिरतो. म्हणूनच या संबंधात पैशाविषयीचा नियमही पाहिला पाहिजे. सनदेसाठी विहित असलेले प्रशिक्षण देण्याबद्दल उमेदवाराकडून फी वा नजराणा मागणे किंवा घेणे वकिलाला अनुचित आहे, असे परिषदेच्या आचारनियमांत स्पष्ट म्हटले आहे. उलट, कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये किमान विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. ती सक्ती नव्हे. तथापि ज्येष्ठाने कनिष्ठाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे हे तीतून समजते.

तक्रार आणि तिची वाट

वकिलाकडून व्यावसायिक वा अन्य गैरवर्तन झाले असे वाटल्यास ज्या राज्य परिषदेच्या पटावर त्याचे नाव आहे तिच्याकडे तक्रार करता येते. तक्रार अर्जाच्या रूपात असावी, तिच्यावर सही व सत्यापन असावे आणि तिच्यासोबत विहित फी भरावी. ती इंग्रजीतच असली पाहिजे असे नाही. हिंदीत किंवा राज्यभाषा म्हणून मान्य झालेल्या प्रादेशिक भाषेतही ती करता येते. भाषेच्या धास्तीने गप्प बसणाऱ्या मराठी माणसाला हे ठाऊक असणे अगत्याचे आहे.

परिषदेला तक्रारीत तथ्यांश वाटल्यास ती शिस्त समितीकडे जाते. या समितीत तिघे असतात. दोघे परिषदेचे सदस्य आणि एक परिषदेबाहेरचा अनुभवी वकील. साक्षीदारांना बोलाविणे, कागद हजर करविणे यांबाबत समितीला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. वकिलाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते, आणि राज्याच्या महाधिवक्त्यालाही सूचना दिली जाते. चौकशीअंती समिती तक्रार फेटाळू शकते, वकिलाला ताकीद देऊ शकते, ठराविक काळासाठी निलंबित करू शकते किंवा त्याचे नाव पटावरून काढून टाकू शकते. तक्रारीचा निकाल एका वर्षात लागला नाही, तर ते प्रकरण भारतीय वकील परिषदेकडे जाते. राज्य समितीच्या निर्णयावर ६० दिवसांत भारतीय परिषदेकडे, आणि तिच्या निर्णयावर ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयाकडे अपील करता येते. १९७५ मध्ये महाराष्ट्राच्या वकील परिषदेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी असा निर्णय दिला की, राज्य परिषद ही व्यवसायाच्या शुद्धतेची राखणदार असल्याने तिलाही असे अपील करता येते. शिस्त म्हणजे केवळ तक्रारदार आणि वकील या दोघांमधील भांडण नव्हे, हे त्या निर्णयाने ठसविले.

तथापि न्यायाची बाजू दोन्हीकडून पाहावी लागते. दावा हरला म्हणून वकील दोषी ठरत नाही. साधी नजरचूक किंवा मतातील चूक हे गैरवर्तन नव्हे. निष्काळजीपणा घोर असावा आणि त्यात नैतिक अधःपतनाचा अंश असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच सांगितले आहे. उमेदवाराच्या हातून एक ओळ चुकली आणि वकिलाने ती वेळीच सुधारली, तर ते शिक्षणच झाले. पण उमेदवाराच्या हाती सारा दावा सोपवून वकिलाने पाठ फिरविली, तर ती वेगळीच गोष्ट झाली. शिस्त समितीपुढे भेद करावयाचा तो येथेच.

आणखी दोन गोष्टी माहीत असाव्यात. शिस्तीच्या कारवाईचा हेतू व्यवसाय स्वच्छ ठेवणे हा आहे. बुडालेली जमीन परत मिळवून देणे हा नव्हे. आणि १४ मे २०२४ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. तेव्हा ग्राहक मंचाचा दरवाजा आता बंद आहे. भरपाईसाठी दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता उरतो. म्हणून नंतरच्या तक्रारीपेक्षा आधीची सावधगिरी शहाणपणाची.

काय करावे

ही सावधगिरी कठीण नाही. वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी ते भरलेले आहे की कोरे आहे हे पाहावे. त्यावर वकिलाचे नाव व नोंदणी क्रमांक आहे याची खात्री करावी आणि शंका असल्यास परिषदेकडे चौकशी करावी. पैसे दिल्याची पावती मागावी. आपल्या दाव्याचा क्रमांक व पुढील तारीख स्वतःच्या वहीत लिहून ठेवावी. वकिलाला निदान एकदा समक्ष भेटल्याशिवाय परतू नये. काम समाधानकारक वाटले नाही तर वकील बदलण्याचा हक्क अशिलाला आहे. आणि फी थकली या सबबीवर वकिलाला अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे.

शिक्षकांनी लिहिता न येणाऱ्यांना अर्ज लिहून द्यावा, आणि कायद्याच्या शिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शक निवडताना डोळे उघडे ठेवावयास सांगावे. मामलेदार कचेरीतील व पंचायतीतील कर्मचाऱ्यांनी आपल्यापुढे वकील म्हणून उभा राहणारा माणूस खरोखर अधिवक्ता आहे काय, हे नम्रपणे विचारण्यास संकोच करू नये. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती आणि अल्प उत्पन्नाचे नागरिक यांना १९८७ च्या कायद्याप्रमाणे विधि सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो. पैसा नाही म्हणून अर्धवट जाणकाराच्या हाती कागद देण्याचे त्यांना कारण नाही.

आणि ज्येष्ठ वकिलांविषयी एवढेच म्हणावयाचे की, उमेदवाराला आपल्या कचेरीत बसविणे हा मान आहे तसाच तो भारही आहे. उमेदवाराने लिहिलेला प्रत्येक कागद वाचून मगच त्यावर सही करणे, चूक दाखवून देणे, मुदत स्वतः मोजणे आणि जेथे आपल्याला वेळ नाही तेथे नवा उमेदवार न घेणे, ही या भाराची व्यावहारिक रूपे होत. अशी कचेरी ज्या तालुक्यात एक जरी असेल, तेथील पुढच्या पिढीचे वकील तिच्यातून घडतात, आणि तेथील अशिलाला आपल्या घराचे काय होणार या चिंतेने रात्र जागून काढावी लागत नाही.